तक्रार निकाली

सकाळी सव्वानऊला महेंद्र खारकरच्या मोबाइलवर मेसेज आला की, आपली तक्रार आपल्या पूर्ण समाधानाने निकाली काढण्यात आली आहे. महेंद्र तेव्हा लॅपटॉपसमोर बसलेला होता आणि पडद्यावरची निळी पट्टी एक्केचाळीस टक्क्यांवर थांबलेली होती. ती तशीच थांबणार हे त्याला माहीत होतं. गेले अकरा दिवस ती कधी एक्केचाळीसला, कधी अडतीसला, एकदा तर चक्क त्र्याण्णवला जाऊन थांबली होती आणि मग लाल अक्षरांत ‘पुन्हा प्रयत्न करा’ आलं होतं. मेसेज त्याने दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. राग यायला हवा होता, पण आला नाही. नुसता थकवा आला, खांद्यांपासून खाली उतरत गेलेला. ‘निकाली’ हा शब्द मात्र कुठेतरी रुतला. तो शब्द त्याला स्वतःच्या हस्ताक्षरात दिसला, निळ्या शाईत, शेवटच्या वेलांटीला थोडा जास्त ताण दिलेला, आणि हे असं का दिसावं, हे त्या क्षणी त्याला कळलं नाही.

कळव्यातल्या या चौथ्या मजल्यावरच्या घरात तो आणि त्याची बायको संचिता दोघंच राहत. मागे पारसिकचा डोंगर असल्याने मोबाइलची रेंज गॅलरीच्या एका कोपऱ्यात बोलण्यापुरती यायची, बाकी घरभर नाही. म्हणून इंटरनेटची वायर घेतलेली. निवृत्तीनंतर दोन वर्षं तो अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करत होता. छापील पुस्तकं आता मशीन वाचून दाखवतं, पण प्राध्यापकांनी हाताने लिहिलेल्या नोट्स मशीनला वाचता येत नाहीत, तिथे माणूस लागतो. सध्या तो डोंबिवलीच्या कृतिका नावाच्या मुलीसाठी पुराव्याच्या कायद्याच्या नोट्स वाचत होता. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती ती. पेपर सोमवारी, आज गुरुवार. आतल्या खोलीत पंखा बंद करून, खिडकी लावून, घाम गाळत तो वाचायचा, चुकलं की मागे जाऊन परत वाचायचा आणि तयार पाठ संस्थेच्या संकेतस्थळावर चढवायचा. आठ पाठ गेले. नववा, दहावा, अकरावा असे तीन पाठ या घरात अडकून पडले होते. नेट बंद नव्हतं. संचिता स्वयंपाकघरात बसून बिनदिक्कत मालिका बघायची, चित्र एकदाही अडकायचं नाही. बाहेरून घरात सगळं येत होतं, घरातून बाहेर चार शब्दांच्या मेसेजपलीकडे काही जात नव्हतं, आणि ही एवढी साधी गोष्ट कंपनीत कुणाला सांगता येत नव्हती.

सांगायचं त्याने काही बाकी ठेवलं नव्हतं. राउटर बंद करून दहा मिनिटांनी चालू केला, सुईने मागचं छिद्र दाबून सगळी सेटिंग्ज पुसून पुन्हा लावला, वायर बदलली, संचिताच्या भाच्याचा लॅपटॉप आणून जोडून पाहिला. एकेक शक्यता खोडत खोडत तो भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीपर्यंत येऊन पोचला होता. खराबी तिथेच किंवा तिच्या पलीकडे, आणि पलीकडचं सगळं कंपनीचं. तीनदा माणूस येणार म्हणून तो दारापाशी खुर्ची टाकून बसला. तिन्ही वेळा ‘आमचे प्रतिनिधी येऊन गेले, ग्राहक घरी उपलब्ध नव्हते’ असा मेसेज आला. तिसऱ्या वेळी तर तो खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिला होता, आपण खरंच इथे आहोत ना म्हणून.

आता तो गॅलरीच्या कोपऱ्यात गेला, कठड्याला टेकला आणि फोन लावला. एक दाबा, चार दाबा, मग बासरी, मग पुन्हा बासरी. मग एका मुलीचा आवाज आला.

“नमस्कार सर, मी मेघाली बोलतेय. काय मदत करू शकते?”

“तक्रार निकाली काढलीत म्हणून मेसेज आलाय. माझं काम झालेलं नाहीये.”

“गैरसोयीबद्दल क्षमस्व सर. नेट चालू आहे का आत्ता?”

“चालू आहे. पण अपलोड होत नाही.”

“म्हणजे नेट चालू आहे सर.”

“येतंय ते येतंय. इथून जात नाहीये.”

तिच्या बाजूला शंभर माणसं बोलत असल्यासारखा कल्लोळ होता. ती आवाज थोडा खाली आणून, पाठ केलेलं बाजूला ठेवून म्हणाली, “सर, खरं सांगू का? माझ्या स्क्रीनवर चारच ऑप्शन येतात. नेट बंद, नेट स्लो, बिल आणि इतर. अपलोडचा ऑप्शनच नाहीये. ‘इतर’मध्ये टाकलं की चोवीस तासांनी ते आपोआप बंद होतं. मी तरी काय करू?”

“मग टाकूच नका ना तिथे,” तो म्हणाला.

“मग कुठे टाकू सर?”

तक्रार पुन्हा उघडते, आज दुपारच्या आत माणूस येईल असं सांगून तिने फोन ठेवला, आणि महेंद्र कठड्याला टेकून तसाच उभा राहिला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा ओघळ गेटकडे चालला होता. ‘इतर’. त्याच्याही रजिस्टरला चारच रकाने होते. मशिनरी, कँटीन, गणवेश, इतर. कोलशेतच्या त्या कारखान्यात तो वीस वर्षं पर्सोनेल खात्यात होता. पत्र्याचे भाग ठोकून काढणारा कारखाना, जिथे आता तीस मजली इमारती उभ्या आहेत आणि गेटवर कारंजं आहे. प्रेस शॉपचं दार उघडलं की आवाज अंगावर यायचा, छातीत बसायचा. तो दार उघडून आत कधी फारसा गेला नाही. दारातून हाक मारायची, कामगार बाहेर यायचा. प्रेसवरचा गोविंदा तसाच यायचा बाहेर, तेलकट हात फडक्याला पुसत. कोलशेतच्या कोळीवाड्यातला होता. भरती-ओहोटी बघून पहाटे खाडीवर जायचा आणि मग पाळीला यायचा. अंगाला तेलाचा आणि चिखलाचा असे दोन वास एकदम यायचे. “साहेब, कानान शिटी वाजते मना,” तो म्हणाला होता. “घरा गेलो तरी वाजते.” महेंद्र तेव्हा पस्तिशीचा होता. आवाज अडवायला कानात घालायच्या बोळ्यांची मागणी वर पाठवलेली होती आणि वरून काही येत नव्हतं, आणि दर महिन्याला उघड्या तक्रारी किती हे वर कळवावं लागायचं. त्याने प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस दिला आणि ‘इतर’च्या रकान्यात लिहिलं: कानाची तक्रार, कापूस दिला, निकाली. गोविंदा परत आला तेव्हा परत कापूस दिला. तिसऱ्या वेळी तो महेंद्रच्या ऑफिसात आत आला नाही, उंबऱ्यावरच उभा राहिला आणि महेंद्रच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि महेंद्रने त्याला न विचारताच निकाली लिहून टाकलं. तो काही दुष्टपणा नव्हता. आपण दुष्ट नव्हतो, एवढं महेंद्रला आजही शपथेवर सांगता आलं असतं. रकाना भरायचा होता.

“अहो, चहा गार होतोय,” संचिता आतून म्हणाली. ती बाहेर येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. “मी तुम्हाला चार दिवस सांगतेय, पेन ड्राइव्हमध्ये घाला आणि डोंबिवलीला नेऊन द्या. कितीसं लांब आहे?”

“मी का जाऊ? त्यांचं काम आहे ते.”

“कुणाचं काम? त्या मुलीचा पेपर आहे सोमवारी.”

“आज माणूस येतोय,” तो म्हणाला. संचिता आत गेली.

कृतिकाचा मेसेज तेवढ्यात आला. रोज एकच यायचा, दहाच्या सुमाराला, बोलून टाइप केलेला असल्याने त्यात विरामचिन्हं नसायची. काका नववा पाठ आज येईल का. तिने कधी तक्रार केली नाही, सोमवारचा उल्लेखही केला नाही. महेंद्रने उत्तर लिहायला घेतलं: ‘आज संध्याकाळपर्यंत नक्की.’ पाठवायच्या आधी त्याची नजर वर गेली. त्याच्या वर कालचं उत्तर होतं, ‘आज संध्याकाळपर्यंत नक्की.’ त्याच्या वर परवाचं. बोटाने पडदा खाली ओढत गेला तशी ती ओळ येतच राहिली, एकावर एक, सात वेळा, एका अक्षराचाही फरक नाही. आणि अशाच ओळी पाठवणाऱ्या कंपनीच्या माणसांवर आपण अकरा दिवस फोनवरून ओरडत आहोत, हे त्याच्या लक्षात आलं. तो पलंगावर बसला. लिहिलेलं खोडलं.

कंपनीचा माणूस या वेळी मात्र खरोखर आला. दिपेश नाव, चाळिशीच्या आसपासचा, पाठीवर बॅग, डोळ्यांखाली सूज. आल्या आल्या त्याने पाणी मागितलं आणि दोन ग्लास एका दमात प्यायला. “सॉरी हां काका. सकाळी चारपासून उठलेलो. दिव्याला राहतो, तिकडे पाण्याचा टँकर आलेला, नंबर लावायला लागतो.” मग भिंतीजवळ उकिडवा बसून त्याने स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजायला लावला. काटा सरसर वर चढला आणि नव्वदच्या पुढे गेला. “हे बघा, मस्त आहे,” म्हणत त्याने मोबाइल खिशात घालायला घेतला.

“थांबा,” महेंद्र म्हणाला. “अजून अपलोडचं व्हायचंय.”

दोघं बघत राहिले. काटा शून्यापाशी थरथरला, किंचित उचलला आणि परत पडला. दिपेशने मान खाजवली. बॅगेतून एक लहान यंत्र काढून त्याने वायरीचं टोक तपासलं, पुसलं, पुन्हा लावलं, पांढऱ्या डबीवर दोनदा टिचकी मारली.

“लाइन ओके आहे काका. डबीतला लेझर वीक झालाय. डबी चेंज करायला पाहिजे.”

अकरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी नेमकी खराबी सांगितली होती. महेंद्रला एकदम बरं वाटलं, इतकं की आपलं बरं वाटणं त्याला केविलवाणं वाटलं. “मग बदला ना.”

“नाही ना देत. नेट फुल बंद असेल तरच स्टोअरमधून डबी निघते. अपलोडवर नाही निघत. तुम्ही एक काम करा, ‘नेट बंद’ म्हणून नवीन कम्प्लेंट टाका. मी ही क्लोज करतो. तुम्हाला ओटीपी आलाय बघा, तो द्या.”

“पण नेट बंद नाहीये.”

“काका, सगळे तेच करतात.”

“आणि मी ओटीपी नाही दिला तर?”

दिपेश हसला नाही की चिडलाही नाही. “तर माझ्या नावावर ओपन राहते. वरून फोन येतो, का ओपन आहे. दिवसाला आठ क्लोज करायच्या असतात.” तो भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याच्या त्या बसण्यात महेंद्रला स्वतःचं टेबल दिसलं, महिनाअखेरीचं, समोर वर पाठवायचा तक्ता. याला कोंडीत पकडून काय मिळणार होतं? आणि याला सोडून तरी काय मिळणार होतं?

“तुमच्या त्या ॲपमध्ये शेरा लिहायला जागा आहे?” त्याने विचारलं.

“आहे. कोणी वाचत नाही.”

“नाही वाचलं तर नाही. आत्ता मला सांगितलंत ते तिथे लिहा. डबी खराब, बदलायला हवी, बदललेली नाही. ग्राहक घरी होता. एवढंच. वरून फोन आला तर सांगा, ग्राहकाने ओटीपी दिला नाही. माझा नंबर द्या, मी बोलतो त्यांच्याशी.”

दिपेशने खांदे उडवले आणि लिहिलं. लिहून झाल्यावर त्याने पडदा महेंद्रसमोर धरला, इंग्रजी अक्षरांतलं मोडकंतोडकं मराठी, पण शब्द तेच होते. बूट घालताना तो म्हणाला, “उगाच ताणताय काका. चालू द्यायचं.” म्हणाला तेही मायेनेच.

तो गेल्यावर महेंद्रने पेन ड्राइव्ह शोधला. शर्ट बदलला. संचिताने पाण्याची बाटली हातात दिली आणि मुलीसाठी म्हणून नारळाच्या वड्यांचा डबा. दुपारची लोकल रिकामीच होती. खिडकीशी बसून तो कोपर स्टेशनच्या पुढची झुडपं बघत होता आणि त्याला उगाच एक जुनी दुपार आठवत होती, कारखाना बंद पडल्यानंतर सहा-सात वर्षांनी ठाण्याच्या बाजारात गोविंदा दिसला तेव्हाची. त्याने हाक मारली, गोविंदाने बघितलं नाही. दुसऱ्यांदा मारली. मग गोविंदाच्या बायकोने, ठमाबाईने, नवऱ्याला कोपराने ढोसलं आणि तो वळला. ओळखून तोंडभर हसला आणि आजूबाजूची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणाला, “साहेब! बरं हाय ना?” महेंद्रने खूप काही सांगितलं, घर घेतलं, नोकरी दुसरीकडे लागली, आणि गोविंदा हसत मान हलवत राहिला, चुकीच्या ठिकाणी. ठमाबाई म्हणाली होती, “बोला तुमी. त्याला काय ऐकाला येत नाय. पन तुमी बोललं का त्याला बरा वाटतं.” आणि महेंद्र आणखी थोडा वेळ बोलला होता. काय बोलला ते आठवत नव्हतं. घाईत आहे असं काहीतरी सांगून निघून आला होता, हे आठवत होतं.

कृतिकाचं घर डोंबिवली पश्चिमेला तळमजल्यावर होतं. दार तिनेच उघडलं. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, अंगात कॉलेजचं नाव असलेला टीशर्ट. “काका? तुम्ही नमस्कार न म्हणता नुसतं ‘हं’ म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं. प्रत्येक पाठाच्या सुरुवातीला म्हणता तुम्ही ते.” त्याला हे माहीत नव्हतं. तिने पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, नववा पाठ सुरू केला आणि खोलीत चिमणीसारखा किलबिलाट झाला. तो दचकला.

“हे काय?”

“तुम्हीच. मी डबल स्पीडला ऐकते. कधी अडीच.” ती हसली. “राग नका मानू. सगळ्यांनाच तसं ऐकते. वेळ कुठे असतो?”

प्रत्येक स्वल्पविरामाला पंखा बंद केलेल्या खोलीत तो श्वास धरून थांबला होता. त्यालाही हसू आलं, अकरा दिवसांतलं पहिलं. उशीर झाल्याबद्दल तो माफी मागू लागला, डबीचं, लेझरचं सांगू लागला, तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला वाटलं तुम्ही आजारी आहात. सांगितलं असतंत तर मी माणूस पाठवला असता.” मग, “काका, एक विचारू? सहाव्या पाठात, कबुली आणि कबुलीजबाब यांत फरक काय ते वाचताना तुम्ही मधेच थांबलाय. बावीस सेकंद. कट करायचं राहिलं बहुतेक.”

“खोकला आला असेल.”

“खोकला ऐकू आला असता,” ती म्हणाली. “मी तिथे स्पीड नॉर्मल केला. वाटलं, नोट्समध्ये नसलेलं काहीतरी तुम्ही सांगणार आहात.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. महेंद्रने बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं. त्या दिवशी आपण का थांबलो होतो, हे त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं. परत वाचताना ते काढून टाकायचं राहिलं होतं एवढंच. आता तो सांगू लागला. रजिस्टर, चार रकाने, कापूस, उंबऱ्यावर उभा राहिलेला माणूस. संचितालाही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. ही मुलगी बघत नव्हती म्हणून सोपं गेलं असं वाटून त्याला लाज वाटली, आणि मग दिसलं की ती बघणाऱ्या कुणाहीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होती, मान एका बाजूला कलती करून, साध्या वेगाने.

“रजिस्टर आहे अजून कुठे?”

“कारखानाच नाही, रजिस्टर कुठलं.”

“पण तुम्ही आहात,” ती म्हणाली. “ज्याने लिहिलं तो माणूस आहे. केस उभी राहील असं मी म्हणत नाही हां, इतक्या वर्षांनी कोणी दाद देणार नाही बहुतेक. पण ते आले होते, तीनदा आले होते, हे तर कुठेतरी लिहिलेलं असायला पाहिजे ना? आत्ता कागदावर काय आहे, तर त्यांचं काम झालं.” मग तिने विचारलं, “आहेत ना ते?”

महेंद्रला माहीत नव्हतं. पंधरा वर्षांत त्याने चौकशी केली नव्हती. कोलशेत त्याच्या घरापासून पाऊण तासाच्या आत होतं.

परत येताना कळवा आलं तेव्हा तो उठला नाही. गाडी पुढे गेली, तो ठाण्याला उतरला आणि कोलशेतच्या बसमध्ये बसला. बस कापूरबावडीच्या सिग्नलला असताना कंपनीचा फोन आला. वेगळीच मुलगी होती. “सर, आपली तक्रार अजून उघडी दिसतेय. बंद करू का?” “नको,” तो म्हणाला. तिने कारण विचारलं. “काम झालेलं नाही म्हणून,” त्याने सांगितलं, आवाज न चढवता, आणि ती बरं म्हणाली.

टॉवरांच्या मागे, खाडीच्या अंगाला, गाव अजून होतं. त्याला दोनदा विचारावं लागलं. तिसऱ्या गल्लीत एका दारात ठमाबाई बसली होती, खूप म्हातारी झालेली, सुकटीतला केर निवडत. तिने त्याला ओळखलं नाही. कारखान्याचं नाव सांगितल्यावर निरखून पाहिलं आणि म्हणाली, “कापूसवाला साहेब.” तिच्या आवाजात काही नव्हतं, राग नाही की आदर नाही. एखाद्याला आडनावाने ओळखावं तसं. “हाय. आत हाय. बसा.”

गोविंदा आत खाटेवर बसून नायलॉनच्या जाळ्याला गाठी मारत होता. केस पांढरेशुभ्र, बोटं तशीच जाड. तो हसला, त्याच जुन्या मोठ्या आवाजात काहीतरी म्हणाला आणि बसायला जागा केली. महेंद्र त्याच्या शेजारी बसला. बोलण्याचा उपयोग नव्हता, आणि बोलून सुटणं सोपं झालं असतं. त्याने पिशवीतून नोट्सच्या मागचा एक कोरा कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं. गोविंदा कोळी यांनी कानात सतत आवाज येत असल्याची तक्रार माझ्याकडे तीन वेळा केली. कानाचं संरक्षण देणं कंपनीचं काम होतं, ते दिलं गेलं नाही. मी कापूस देऊन तक्रार निकाली लिहिली. ती निकाली निघाली नव्हती. मला ते माहीत होतं. शेवटचं वाक्य लिहायला त्याला वेळ लागला. मग सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं आणि कागद गोविंदाच्या हातात दिला.

गोविंदाने तो दाराच्या उजेडाकडे धरला. अक्षरांखालून बोट फिरवत, ओठ हलवत तो सावकाश वाचत गेला. एकदा वाचून झाल्यावर परत वरून सुरुवात केली. ठमाबाई दारातून बघत होती, तिचं निवडणं थांबलं होतं. महेंद्रची मान खाली होती. काय येईल ते येऊ दे, असं तो मनाशी म्हणत होता, आणि काही आलं नाही तर काय, हेही. बऱ्याच वेळाने गोविंदाने कागद त्याच्यापुढे धरला आणि सहीच्या शेजारच्या कोऱ्या जागेवर जाड बोट टेकवलं.

“तारीख ऱ्हायली, साहेब,” तो मोठ्याने म्हणाला.

महेंद्रने पेन उघडलं आणि कागदावर टेकवलं. आजची घालायची की तेव्हाची, हे त्याला कळेना, आणि ते गोविंदाला विचारण्यासाठी त्याने दुसरा कागद काढला.